खिडक्या, छज्जे आणि मागचा जिना : मरीन ड्राइव्हच्या रहिवाशांना खुलं पत्र

प्रति,
मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेच्या इमारतींतील
गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, घरमालक आणि भाडेकरू,
मुंबई.

सप्रेम नमस्कार.

आपल्या इमारती कुणी पाडील, ही भीती मला फारशी वाटत नाही. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने मुंबईचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह जागतिक वारशाच्या यादीत घेतला. त्या समूहातल्या ९४ इमारतींत आपल्यापैकी बऱ्याच जणांची घरं येतात. उद्या त्यातल्या एखादीवर घण पडायची वेळ आली, तर वर्तमानपत्रं, न्यायालयं, परदेशी अभ्यासक, सगळेच धावून येतील. मला भीती वाटते ती आपण स्वतः, चांगल्या हेतूने, वर्गणी काढून आणि सभेत ठराव करून जी दुरुस्ती करता, तिची.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं बघतो. माझी बरीचशी कामं दादर-माटुंग्याकडची. आपल्या ओळीत मी भाडेकरू नाही, मालक तर नाहीच. तेव्हा ‘आमच्या खिडक्यांशी तुमचा काय संबंध?’ हा प्रश्न आपण विचारू शकता आणि तो रास्तही आहे. त्याचं उत्तर आपल्या इमारतींखालच्या जमिनीत आहे, म्हणून आधी तिची गोष्ट सांगतो.

बॅकबेची भरणी मुंबई सरकारने १९२० च्या दशकात काढली. गव्हर्नर होते जॉर्ज लॉइड. कामासाठी डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट नावाचं वेगळं खातंच उभं केलं. आठ ब्लॉकमध्ये मिळून ११४५ एकर जमीन समुद्रातून काढायचा बेत होता. समुद्रात दगडी बांध घातला, ड्रेजरने खाडीच्या तळाचा गाळ उपसून बांधाच्या आत ओतला, आणि ओतलेला गाळ बांधाच्या फटींतून पुन्हा समुद्रात जायला लागला. पाणी ओतावं तसा पैसाही गेला. लोक या योजनेला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणू लागले. खुर्शीद फ्रामजी नरीमन या वकिलाने कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली, तेव्हा हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरीमन निर्दोष सुटले. ज्या माणसाने एका भरणीचे वाभाडे काढले त्याचं नाव पुढे शेजारच्याच दुसऱ्या भरणीला, नरीमन पॉइंटला, मिळालं, ही खास मुंबईची थट्टा.

आठातले चारच ब्लॉक पुरे झाले. त्यातल्या चर्चगेटच्या बाजूच्या जमिनीवर आपण राहता. म्हणजे आपल्या पायाखालची जमीन साऱ्या इलाख्याच्या तिजोरीतून आली आहे, आणि तीही बदनामीसकट. समोरच्या कट्ट्यावर संध्याकाळी येऊन बसणारा विरारचा किंवा कल्याणचा माणूस समुद्राकडे बघून कंटाळला की मान वळवून आपल्या इमारतींकडे बघतो. त्याचा त्या ओळीवर कागदोपत्री हक्क नाही, पण संबंध आहे. तेवढ्याच संबंधावर मी लिहितो आहे.

आता इमारतींकडे येतो.

‘मायामीनंतर जगात सर्वांत जास्त आर्ट डेको मुंबईत’ हे वाक्य आपण पाहुण्यांना हमखास ऐकवता. मला त्या क्रमांकात रस नाही. आकडा मोठा म्हणून इमारत चांगली ठरत नाही, आणि मायामीचं नाव घेतलं की आपल्या इमारती तिकडून उचलून आणल्यासारख्या वाटतात. शैली बाहेरून आली हे खरंच आहे. १९२५ मध्ये पॅरिसला सजावटीच्या आणि औद्योगिक कलांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यावरून पुढे तिला नाव मिळालं. पण इथे ती रुजली ती इथल्या माणसांच्या हातून. तोवर मुंबईतल्या मोठ्या इमारती म्हटल्या की आराखडा बहुतेक इंग्रजाचा. ओव्हलच्या पूर्वेला उभं असलेलं विद्यापीठ जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचं, हायकोर्ट कर्नल फुलर यांचं. पश्चिमेची ओळ उभी राहिली तोवर जे. जे. कलाशाळेतून शिकून बाहेर पडलेल्या हिंदी वास्तुविशारदांची पहिली मोठी पिढी कामाला लागली होती. विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये सुरू केलेल्या मंडळाची १९२९ पर्यंत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली होती. एका मैदानाच्या दोन कडांना साठेक वर्षांच्या अंतराने दोन वेगळी शहरं उभी आहेत, आणि मधल्या गवतावर पोरं क्रिकेट खेळतात. युनेस्कोला भावलं ते हेच, समोरासमोर असणं.

या पिढीतले गजानन बाबुराव म्हात्रे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? जन्म १९०२, शिक्षण जे. जे. मध्ये आणि पुढे लंडनला. ओव्हलवरचं एम्प्रेस कोर्ट त्यांचं. मरीन ड्राइव्ह आणि वीर नरीमन रस्त्याच्या कोपऱ्यावरचा १९३७ चा सूना महल त्यांचाच. सूना महलाचा फोटो आजवर हजारोंनी काढला असेल. त्यातल्या निम्म्यांना खालचं रेस्टॉरंट तेवढं आठवतं. पण कोपऱ्याच्या भूखंडाचं काय करावं, हे शिकायला अजूनही तिथेच उभं राहावं लागतं. दोन रस्ते मिळतात तिथे साध्या वास्तुविशारदाने दोन भिंती काटकोनात आणून सोडल्या असत्या. म्हात्र्यांनी कोपरा गोल वळवला, दोन्ही बाजूंचे सज्जे (बाल्कन्या) त्या वळणातून ओघाने नेले, पिवळ्या भिंतीवर गडद आडव्या पट्ट्या ओढल्या आणि वर मधोमध बोटीच्या कॅबिनसारखा बुरूज चढवला. समुद्राकडून बघा किंवा चर्चगेट स्टेशनाकडून चालत या, इमारत आपल्याकडे तोंड करूनच उभी असते. याला खर्च फारसा लागत नाही. अक्कल लागते.

त्या वळणाचं श्रेय काँक्रीटलाही आहे. दगड-विटांत असा सज्जा हवेत सोडता येत नाही, आरसीसीत, म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये, येतो. मंदीच्या त्या दशकातही मुंबईच्या श्रीमंतांकडे पैसा होता आणि तो जमीन-इमारतीत शिरत होता. देशी सिमेंट भरपूर निघत होतं, इतकं की १९३६ मध्ये सिमेंट कंपन्यांचं एकत्रीकरण होऊन एसीसी झाली. काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया नव्या घरांच्या पुस्तिका छापून काँक्रीटचा प्रचार करत होती. लाद्याही इथल्याच मिळायला लागल्या होत्या. भारत फ्लोअरिंग टाइल्स १९२२ मध्ये स्वदेशीच्या प्रेरणेनेच निघाली. तेव्हा आपल्या जिन्याच्या मोझेकवर पाय ठेवताना तो विलायती थाट आहे असं समजू नका.

आणि हे सगळं नुसत्या दिखाव्यासाठी नव्हतं. आपल्यापैकी मरीन ड्राइव्हवरची ओळ समुद्राकडे बघते, म्हणजे पश्चिमेकडे. मुंबईत घर बांधायला याहून वाईट दिशा नाही. दुपारी दोननंतरचं ऊन थेट तोंडावर आणि जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस आडवा. श्रीमंतांनी समुद्र दिसावा म्हणून ती दिशा पत्करली आणि वास्तुविशारदांनी त्यावर उपाय काढले : खिडकीवर भुवईसारखा छज्जा, तो भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, पुढे आलेला खोल सज्जा, मागच्या चौकातून समोर वारा खेळेल अशी खोल्यांची मांडणी. परदेशात आर्ट डेकोची आडवी रेघ बहुधा वेगाची खूण म्हणून येते. आपल्याकडे तिच्याखाली सावली पडते आणि पाऊस अडतो. या कारणासाठी मला आपल्या इमारती मायामीहून जास्त हुशार वाटतात.

आता मुद्द्याचं. ती हुशारी आपण एकेक करून बुजवत चालला आहात.

छज्ज्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे नुसता देखणेपणाचा प्रश्न नाही. भिंतीतून बाहेर निघालेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात. ताण वर येतो म्हणून. त्यामुळे छज्ज्याच्या वरच्या पृष्ठभागावर साचलेलं पाणी थेट त्या सळ्यांच्याच दिशेने मुरतं. समुद्राच्या हवेतला क्षार त्यात मिसळलेला. सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, तो काँक्रीटला आतून फोडतो आणि एक दिवस खपली खाली पार्क केलेल्या गाडीवर येते. असल्या जागेवर आपण काय ठेवलं आहे? एसीचं आउटडोअर युनिट. त्याच्या बोल्टसाठी वरूनच भोकं पाडली आहेत, म्हणजे नेमकी मुख्य सळ्यांच्या डोक्यावर. त्याचं पाणी बारा महिने तिथेच ठिबकतं. पाऊस चार महिन्यांनी थांबतो. एसी थांबत नाही.

मग इमारतीची मजबुती तपासणारा ऑडिटवाला येतो, छज्जा धोकादायक ठरतो आणि कंत्राटदार दोन उपाय सुचवतो. एक, छज्जा कापून टाका आणि पत्र्याचा वेदरशेड लावा. दुसरा, खालून-वरून थर चढवून छज्जा जाड करा. पहिल्यात इमारतीची भुवई जाते, दुसऱ्यात ती सुजते. दोन्हींत एक लहानशी गोष्ट हमखास मरते : छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून जरा आत, मूळ गवंड्याने एक बारीक खाच ओढलेली असते. वरून ओघळणारं पाणी त्या खाचेशी तुटतं आणि खाली पडतं. भिंतीपर्यंत पोचत नाही. नवीन प्लास्टरमध्ये ती खाच कुणी ठेवत नाही, कारण निविदेत तिची ओळ नसते. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि दोष ‘जुन्या बांधकामा’वर जातो.

तिसरा उपाय असतो आणि तो नीट मोजून-मापून करता येतो. सैल झालेलं काँक्रीट काढायचं, सळ्या घासून गंजरोधक लावायचा, फार खाल्ली असेल तिथे नवी सळई जोडायची, पॉलिमर मॉर्टरने मूळ जाडीतच छज्जा परत घडवायचा, वरच्या बाजूला बाहेरच्या दिशेने उतार द्यायचा आणि खालची खाच पुन्हा कोरायची. महाग पडतो? चौरस फुटाला हो. पण एकदा कापलेला छज्जा परत येत नाही, आणि त्याने अडवलेलं ऊन आपण पुढची पन्नास वर्षं विजेच्या बिलात भरता.

सज्ज्यांचीही तीच कथा. मोकळा सज्जा माणसं उभी राहतील, खुर्च्या टाकतील, एवढ्या हिशेबाने बाहेर काढलेला असतो. आपण त्याला काचा लावतो, मग खाली अर्ध्या उंचीची भिंत घालतो, मग आत कपाट ठेवतो, म्हणजे सगळा भार अगदी टोकाला. शेजारचा तेच करतो, पण त्याच्या काचा निळ्या. वरचा तेच करतो, पण त्याचं अॅल्युमिनियम तपकिरी. महापालिका आणि वारसा समितीची परवानगी हा वेगळा विषय आहे. त्याआधी गुरुत्वाकर्षणाची परवानगी घ्यायला हवी होती. गोल वळणाचा सज्जा बंद करायला तर सरळ काचांचे तुकडे लावतात, आणि म्हात्र्यांच्या पिढीने ज्या वळणासाठी काँक्रीट वाकवलं ते वळण बहुकोनी डब्यात जातं.

खिडक्यांबद्दल मी रागाने लिहिणार होतो, पण तिथे आपली बाजू मला कळते. सागवानी किंवा लोखंडी झडपांच्या खिडक्या समुद्राच्या हवेत टिकवणं जिकिरीचं आहे, कारागीर मिळत नाहीत, आणि स्लायडिंग खिडकी चार दिवसांत बसते. फक्त एवढं लक्षात घ्या : झडप उघडली की पूर्ण खिडकी उघडते, स्लायडिंगची निम्मीच उघडते. ज्या खोलीत वारा खेळावा म्हणून सगळी मांडणी केली होती, तिथे आपण वाऱ्याची वाट निम्म्याने कमी करतो आणि मग गरम होतं म्हणून छज्ज्यावर आणखी एक युनिट बसवतो. खिडकी बदलायचीच असेल तर बदला. पण प्रत्येक मजल्याने आपापली नको. मूळ विभागणी, म्हणजे किती पट, आडवी पट्टी कुठे, रंग कोणता, याचा एक नकाशा काढून तो संस्थेने मंजूर करावा आणि ज्याला जेव्हा बदलायची असेल त्याने तोच नमुना बसवावा. सामान कोणतं, हा दुय्यम प्रश्न.

(२०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा केवढा गहजब झाला होता आठवतं? ‘राणीचा हार’ फिका पडला म्हणून शहर हळहळलं, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. दिवा तासाभरात बदलता येतो. कापलेल्या छज्ज्यांसाठी आजवर कुणी मेणबत्तीही लावलेली नाही.)

आतल्या भागाबद्दल आपण अधिक बेफिकीर आहात, कारण तो रस्त्यावरून दिसत नाही. जिन्याची गोलाई, कठड्यावरची सूर्यकिरणांची जाळी, प्रवेशद्वाराशी उठावाच्या अक्षरांत कोरलेलं इमारतीचं नाव, लाकडी लिफ्टची केबिन. लॉबी ‘अपग्रेड’ करायची म्हणजे मोझेकवर चकचकीत टाइल, छताला पीओपी आणि नावाच्या जागी स्टीलची अक्षरं, असं समीकरण होऊन बसलं आहे. मोझेक घासून पॉलिश केला तर तो आणखी पन्नास वर्षं जातो. त्यावर चिकटवलेल्या टाइलची फॅशन दहा वर्षांत जुनी होते. लिफ्टची मोटर, दोर, कंट्रोल नवे घ्यायलाच हवेत. सुरक्षेशी तडजोड नको. पण निरीक्षकाची हरकत नसेल तिथे जुनी केबिन नव्या यंत्रावर चालवता येते. विचारून तर बघा. बहुतेक ठिकाणी कुणी विचारलेलंच नसतं.

आता मागचा जिना.

आपल्यापैकी अनेक इमारतींच्या मागच्या बाजूला एक अरुंद जिना आहे. कुठे लोखंडी गोल, कुठे भिंतीला चिकटून वर गेलेला. त्याला मोझेक नाही, जाळीत सूर्य नाही, कठडा म्हणजे नुसती नळी. प्रत्येक मजल्यावर तो न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी थांबतो. १९३० च्या जाहिराती ज्या ‘सेल्फ कंटेन्ड’ फ्लॅटचं कौतुक करत, त्यात संडास घरात आला होता, पण तो साफ करणारा माणूस घरातून जाता कामा नये, ही अट गेली नव्हती. म्हणून नकाशातच दोन वाटा आखल्या : पुढची मालकांची, मागची मेहतरांची आणि नोकरांची. जहाजाचे कठडे, वेगाच्या रेघा, वीज, लिफ्ट असं सगळं आधुनिक एकीकडे, आणि त्याच नकाशात, त्याच शाईने, विटाळ काटेकोर मोजून बसवलेला. वास्तुविशारदांनी ते लपवलंही नाही. त्या काळात लपवायची गरज कुणालाच वाटली नाही.

हे जिने आता झपाट्याने जात आहेत. गंजले, धोकादायक झाले, चोरांची वाट झाले, अशी कारणं असतात आणि ती खोटी नसतात. काही ठिकाणी जिना काढून तिथे डक्ट केली, काही ठिकाणी प्रत्येकाने आपल्यापुरता तुकडा घरात ओढून घेतला. वारशाच्या पुस्तकांत समोरच्या जिन्याचे फोटो पानभर असतात. मागच्याचा क्वचित एखादा. माझ्या मते आपल्या इमारतींचा इतिहास मागच्या जिन्यावाचून अर्धाच राहतो. समोरचा जिना त्या पिढीला काय व्हायचं होतं ते सांगतो, मागचा ती काय सोडायला तयार नव्हती ते. म्हणून माझी विनंती आहे की तो कापू नका. वापरण्याजोगा करता आला तर आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरी वाट मिळेल. नाही जमलं तर निदान कुलूप लावून, रंगवून, आहे तिथे ठेवा. आणि इमारतीची माहिती सांगणारी पाटी लावाल, तेव्हा ‘सूर्यकिरणांच्या जाळ्या’ या ओळीच्या खाली एक ओळ या जिन्यासाठीही ठेवा.

पैशाचं बोलल्याशिवाय हे सगळं हवेत राहील.

आपल्यापैकी बऱ्याच इमारती आजही भाडेकरूंच्या आहेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० ची भाडी आधार म्हणून गोठवली. १९९९ च्या कायद्याने दर वर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली, पण ज्या आकड्यावर चार टक्के चढायचे तोच चिमुकला. बाहेर चौरस फुटाचा भाव लाखाच्या घरात आणि आत भाडं एका जेवणाच्या बिलाएवढं. घरमालक म्हणतो, या भाड्यात मी छज्जा कसा घडवू? भाडेकरू म्हणतो, इमारत तुमची, मी का घालू? दोघांचंही खरं आहे, आणि त्या दोन खऱ्यांच्या मध्ये छज्जा गंजतो. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती ‘अ’ वर्गात मोडतात, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे उपकर जातो, पण मंडळाच्या दुरुस्तीत पॉलिमर मॉर्टरने खाच कोरण्याची अपेक्षा करणं भाबडेपणाचं आहे.

जिथे गृहनिर्माण संस्था झाल्या, तिथे वेगळाच विनोद. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. बांधकाम खर्च कुठला? १९३७ चा धरला तर त्या पाव टक्क्यात लिफ्टचा दिवासुद्धा बदलत नाही. उपविधींत ‘किमान’ हा शब्द आहे. त्याहून जास्त जमवायला सभेला कुणी अडवलेलं नाही. आजच्या दराने इमारत पुन्हा बांधायला काय लागेल ते काढा आणि त्यावर टक्केवारी लावा. आकडा बघून सभेत आरडाओरडा होईल. होऊ दे. मरीन ड्राइव्हवरच्या माणसाला तो परवडत नसेल तर परवडणार कुणाला? वारशाच्या वरच्या श्रेणीतल्या इमारतींना हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे आपल्या जागेवर न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची मुभा, मिळण्याची तरतूद मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीच्या नियम ५२ मध्ये आहे. आपली श्रेणी काय आणि आपण त्यात बसता का, हे वकिलाकडून एकदा लेखी घ्या. भाडेकरूंच्या इमारतीत मालक-भाडेकरूंनी दुरुस्तीपुरता संयुक्त खर्चाचा करार करावा, भाड्याचा वाद जिथे आहे तिथे ठेवून. असे करार होतात. सुखाने होत नाहीत, पण होतात.

आणि ऑडिट. ३० वर्षांवरील इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. निकाल सी-१ आला तर इमारत रिकामी करून पाडायची. सी-२ किंवा सी-३ आला तर दुरुस्ती. एवढा मोठा निर्णय ज्या कागदावर ठरतो तो कागद कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या सोयीने तयार झाला, हे बघण्याची जबाबदारी आपली आहे. काँक्रीटचे गाभे किती ठिकाणांहून काढले, सळ्यांची तपासणी केली की नुसता हातोडा वाजवून बघितला, हे विचारा. दोन अहवाल उलटसुलट आले तर महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाता येतं. ‘जुनी आहे, काँक्रीटचं आयुष्य संपलं’ हे वाक्य अहवालात दिसलं की सावध व्हा; आयुष्य संपलं हे मोजून सांगायचं असतं, वय बघून नाही.

शिवाजी पार्क आणि दादर पारशी कॉलनी २०१२ च्या प्रस्तावित वारसा यादीत आली, तेव्हा आमच्याकडे कडकडून विरोध झाला. तळमजला अधिक दोन मजल्यांच्या त्या इमारतींत मध्यमवर्ग राहतो, बिल्डरचा टॉवर हेच त्याचं निवृत्तिवेतन असतं, आणि कुणी तरी येऊन ‘हे जपा’ म्हणतो, तेव्हा त्याला राग येतो. तो राग मला समजतो. अनेक इमारती गेल्या, अजून जातील. आपली गोष्ट वेगळी आहे. जागतिक वारशाची मागणी आपल्याच भागातल्या नागरिकांच्या संस्थांनी वर्षानुवर्षं लावून धरली. ओव्हल मैदानही रहिवाशांनीच भांडून सावरलं. मान आपण मागून घेतला आहे. मग छज्ज्यावरचं युनिट हलवायला महापालिकेची नोटीस येण्याची वाट का बघायची?

येत्या ३० सप्टेंबरच्या आत आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतील. विषयपत्रिकेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात नको, स्वतंत्र क्रमांकाने हा एक ठराव ठेवा. मसुदा मीच देतो, हवा तसा बदला :

‘कोणत्याही बाह्य दुरुस्तीपूर्वी इमारतीच्या चारही बाजूंची, जिन्यांची व लॉबीची मोजमापे व छायाचित्रे घेऊन ती संस्थेच्या दप्तरी ठेवली जातील. खिडक्यांचा एक मंजूर नमुना राहील व यापुढील बदल त्यानुसारच होतील. छज्ज्यांवरील सर्व आउटडोअर युनिटे तीन वर्षांत गच्चीवर वा मागील बाजूस हलवली जातील. त्यांच्या पाण्याचा निचरा पाइपने होईल. छज्जे व सज्जे मूळ जाडीत व मूळ आकारात दुरुस्त केले जातील आणि निविदेत तशी स्वतंत्र बाब राहील. मागील जिना सभेच्या दोन-तृतीयांश बहुमताशिवाय काढला जाणार नाही.’

शेवटच्या दोन कलमांवर वाद होईल असा माझा अंदाज आहे. निविदेत स्वतंत्र बाब आली की कंत्राटदाराचा दर चढतो, आणि मागच्या जिन्याच्या जागेवर कुणाचा तरी डोळा असतोच. ठराव पडला तर पडू द्या, पण कुणी विरोध केला आणि कोणत्या कारणाने, हे इतिवृत्तात नावानिशी येऊ द्या. ज्या संस्थांना खिडक्यांचा नमुना काढायला किंवा छज्ज्याची बाब निविदेत शब्दबद्ध करायला मदत लागेल, त्यांना मी ती विनामूल्य करीन. या पत्राखाली तसं लिहून ठेवलं की सभेत ‘पण करणार कोण’ हा प्रश्न तरी उरणार नाही.

कळावे,

आपला,
दादरचा एक दुरुस्तीवाला वास्तुविशारद